‘बग’ म्हणायच्या आधी नीट बग : पाणबुडीच्या खेळातला खरेपणा तपासायची रीत

जुलैतला बेळगावचा पाऊस. पत्र्यावर असा कोसळत होता, की हेडफोन लावूनही खेळातलं पाणी कुठलं आणि पन्हाळीतलं कुठलं ते कळेना. कणकुंबीहून मावसभाऊ आला होता. कॉम्प्युटरवरच्या पाणबुडीच्या खेळात तासभर एका मालवाहू जहाजाच्या मागावर राहून त्यानं चार टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून पळत जाऊन जहाजावर फुटणारे बाँब, सोडले. दोन फुटले. तिसरा जहाजाच्या अंगाला ‘टण्ण’ करून आपटला आणि गप्प बसला. चौथ्याचा तर आवाजच नाही.

“दादा, बग हाय ह्यात,” तो म्हणाला. “खेळ फसवूलाय आपल्याला.”

इंग्रजीतला ‘बग’ म्हणजे प्रोग्राममधला बिघाड. आमच्या बेळगावी बोलीत ‘बग’ म्हणजे ‘बघ’. मला तोच अर्थ जास्त कामाचा वाटतो. त्या रात्रीनंतर तीन आठवडे आम्ही दोघांनी खेळ कमी खेळला आणि बघितला जास्त. त्यातून जी रीत हाताला लागली ती इथं लिहितोय. आम्ही कुठला खेळ खेळत होतो ते सांगत नाही, कारण रीत सगळीकडं चालते. २००५ चा सायलेंट हंटर ३ असो, २००७ चा चौथा भाग असो, २०१७ चा कोल्ड वॉटर्स असो की २०२४ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला यूबोट असो, भांडणं तीच असतात.

वहीत चार रकाने

दोनशे पानी वही घ्या आणि एका पानावर चार रकाने आखा. पहिला : समुद्र असाच असतो. दुसरा : खेळानं केलेली तडजोड. तिसरा : बग. चौथा : आपली चूक. हा चौथा रकाना मी नंतर वाढवला आणि तोच सगळ्यात आधी भरला, हे कबूल करतो.

तडजोड आणि बग यांत लोक सर्रास गल्लत करतात. खरी गस्त आठवडेच्या आठवडे चालायची. खेळात ती दोन रात्रींत उरकते. खरा खलाशी थकतो, चिडतो, आजारी पडतो. बऱ्याच खेळांत तो लाकडी बाहुला असतो. ही तडजोड. बनवणाऱ्यानं समजून उमजून केलेली. बग तेव्हाच म्हणायचं, जेव्हा खेळ स्वतःच घालून दिलेला नियम मोडतो. टॉर्पेडोची खोली लावायच्या तबकडीवर ३ मीटर दिसतंय आणि टॉर्पेडो ६ मीटरवरून जातोय, तर तो बग. टॉर्पेडो दहातले दोन फुटतच नाहीत, हा कदाचित इतिहास.

आधी जमीन सपाट करा

मोड (खेळात बाहेरच्यांनी केलेले बदल) घातलेल्या, अर्धवट पॅच (बनवणाऱ्यानं दिलेली दुरुस्ती) मारलेल्या खेळावर तपासणी करू नका. खेळ नव्यानं टाका, शेवटचा अधिकृत पॅच लावा आणि एकही मोड न घालता ते सगळं फोल्डर तसंच दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. पुढं कितीही घोळ झाला तरी परत यायला घर राहतं.

जुना खेळ असेल तर ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये टाकू नका. विंडोज व्हिस्टापासून त्या फोल्डरमध्ये जुन्या प्रोग्रामनं केलेलं लिखाण विंडोज परस्पर दुसरीकडं वळवू शकतं. तुम्ही बदल करता एका फाइलीत, खेळ वाचतो दुसरी, आणि ‘मोड चालत नाही’ म्हणून रात्र जाते. सरळ डी ड्राइव्हवर ‘खेळ’ नावाचं फोल्डर करा. फोल्डरचं नाव मात्र रोमन लिपीत ठेवा. देवनागरी नावावर जुने प्रोग्राम अडखळतात.

दुसरी गोष्ट मेमरीची. ३२ बिटांच्या जुन्या खेळाला विंडोज एरवी २ जीबीच मेमरी वापरू देतं, मग तुमच्या लॅपटॉपमध्ये १६ जीबी का असेना. मोठे मोड घातले, बंदरात जहाजांची गर्दी झाली, की ती मर्यादा ओलांडते आणि खेळ काहीही न सांगता डेस्कटॉपवर आणून सोडतो. ६४ बिटांच्या विंडोजवर अशा खेळाची फाइल ४ जीबीपर्यंत मेमरी घेईल अशी करून देणारी छोटी साधनं मिळतात. ‘बंदरात शिरलं की खेळ बंद पडतो’ ही तक्रार कित्येकदा तेवढ्यानंच संपते.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, ६० वर बांधून टाका. काही जुन्या खेळांत लाटा, वेग, तोफेचा झटका हे फ्रेमशी जोडलेलं असतं. नव्या ग्राफिक्स कार्डावर २०० फ्रेम आल्या की समुद्राला वारं प्यायल्यासारखं होतं.

आणि वीज. आमच्याकडं पावसाळ्यात ती केव्हा जाईल ते सांगता येत नाही. सेव्ह होत असताना गेली तर फाइल अर्धीच लिहिली जाते आणि पुढं उघडल्यावर खेळ चित्रविचित्र वागतो. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून चालतं, पण डेस्कटॉपवाल्यानं यूपीएस घ्यावा, आणि सगळ्यांनीच एकावर एक न लिहिता तीन सेव्ह आळीपाळीनं वापराव्यात.

खरेपणाची बटणं कुठल्या क्रमानं दाबायची

या खेळांच्या सेटिंगमध्ये खरेपणाची यादी असते : मर्यादित बॅटरी, मर्यादित हवा, न फुटणारे टॉर्पेडो, दुरुस्तीला लागणारा खरा वेळ, हातानं नेम, नकाशावर शत्रू न दिसणं, बाहेरचा कॅमेरा बंद. काही खेळ खाली टक्केवारीही दाखवतात. पोरं पहिल्याच दिवशी १०० टक्के करतात आणि तिसऱ्या दिवशी खेळ काढून टाकतात. टक्केवारी ही शोभेची वस्तू आहे. तिच्यावर पैज लावू नका.

पहिल्यांदा बॅटरी आणि हवा. पाणबुडी ही खरं तर पाण्यावर चालणारी आणि गरज पडली तर बुडणारी बोट होती, हे त्याशिवाय अंगी मुरत नाही. मग दुरुस्तीचा वेळ. मग हातानं नेम. न फुटणारे टॉर्पेडो त्यानंतर, कारण स्वतःचा नेम चुकतोय की टॉर्पेडो खोटा निघतोय हे नवख्याला ओळखता येत नाही. नकाशावरचे शत्रू लपवणं सगळ्यात शेवटी. बाहेरचा कॅमेरा खेळताना बंद ठेवा. तपासणी करताना मात्र तो हवाच, नाहीतर टॉर्पेडो जहाजाखालून गेला की मागून, हे दिसणार कसं?

मोजमाप : तीन मिनिटं पंधरा सेकंद

आता खरं काम. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन सात-सी जातीची पाणबुडी मापाला घ्या. बहुतेक खेळांत ती असते आणि तिचे आकडे पक्के आहेत. लांबी ६७ मीटर, वेग पाण्यावर १७.७ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), पाण्याखाली ७.६ नॉट, टॉर्पेडो सोडायच्या नळ्या पुढं चार, मागं एक, एकूण १४ टॉर्पेडो.

वेग तपासायला एक सुरेख युक्ती आहे. सागरी मैल १,८५२ मीटरचा. म्हणजे १ नॉटनं जाणारी बोट ३ मिनिटं १५ सेकंदांत जवळजवळ बरोबर १०० मीटर जाते. म्हणून ३ मिनिटं १५ सेकंदांत जितके शेकडा मीटर, तितके नॉट. वेळ साध्या गतीवर ठेवा, नकाशावर खूण करा, मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करा. वेळ झाली की दुसरी खूण, आणि पट्टीनं अंतर मोजा. भावानं ७ नॉटवर मोजलं, ६८० मीटर आलं. तो लगेच “वीस मीटर कमी हाय!” म्हणून उठला. मी त्याला आणखी चार वेळा मोजायला लावलं : ७१०, ७००, ६९०, ७१०. बोटाचा थरथराट होता तो. एका मोजणीवर कधी निकाल देऊ नका.

हीच युक्ती शत्रूच्या जहाजाचा वेग काढायलाही लागते. दुसरी रीत म्हणजे पेरिस्कोपची उभी रेघ एका जागी धरायची, आपली बोट जवळजवळ थांबलेली ठेवायची, आणि जहाजाचं नाक रेघेला लागल्यापासून शेपूट सुटेपर्यंत सेकंद मोजायचे. लांबी भागिले सेकंद, गुणिले १.९४, म्हणजे नॉट. १३४ मीटरचं जहाज २६ सेकंदांत गेलं तर १० नॉट.

बॅटरीची कसोटी. ही बोट पाण्याखाली ४ नॉटनं ८० सागरी मैल जायची, म्हणजे २० तास. खेळ ६४ पट वेगानं चालवला तर हे पावणे एकोणीस मिनिटांत बघून होतं, चहा होईपर्यंत. मग तेच पूर्ण वेगानं करा. पाण्यात वेग दुप्पट करायला ताकद साधारण आठपट लागते, त्यामुळं ७.६ नॉटवर बॅटरी तीन तासही टिकता कामा नये. टिकली तर खेळानं सरळ रेषेत हिशेब केलाय. तडजोडीच्या रकान्यात लिहा, पण ठळक लिहा, कारण त्यानं सगळी लढाईच सोपी होते.

बुडी मारायला तरबेज खलाशांना अर्धा मिनिट लागायचा. तेही घड्याळ लावून बघा.

क्षितिजाचं गणित माझ्या आवडीचं. डोळा पाण्यापासून जितके मीटर उंच, त्याच्या वर्गमुळाला ३.५७ नं गुणा, तितक्या किलोमीटरवर क्षितिज. पाणबुडीच्या मनोऱ्यावर डोळा ५ मीटरवर धरला तर ८ किलोमीटर. समोरच्या जहाजाची डोलकाठी २५ मीटर असेल तर तिचे आणखी जवळजवळ १८. म्हणजे स्वच्छ दिवशी काठीचं टोक २६ किलोमीटरवरून दिसायला हवं, आधी टोक, मग धुराडं, मग अंग. येळ्ळूरच्या राजहंसगडावर पायरी पायरी चढताना बेळगाव जसं थोडं थोडं उलगडत जातं, तसं. जुन्या काही खेळांत मात्र जहाज आठ किलोमीटरवर एकदम भुतासारखं उभं राहतं. हा बग नव्हे. त्या काळच्या कॉम्प्युटरला त्यापुढचा समुद्र झेपत नव्हता.

टॉर्पेडो : इथं घाई करायची नाही

टॉर्पेडो न फुटणं ही या खेळांतली सगळ्यात मोठी तक्रार. म्हणून खऱ्या टॉर्पेडोंची गोष्ट आधी ऐका, कारण बग कसा शोधावा याचा तो धडाच आहे.

अमेरिकेच्या मार्क १४ टॉर्पेडोत तीन दोष होते, आणि ते एकमेकांच्या आड दडून बसले होते. कप्तान तक्रार करत होते, आणि टॉर्पेडो बनवणारं खातं ‘तुमचाच नेम चुकतो’ म्हणत होतं. जून १९४२ मध्ये अमेरिकी पाणबुडी दलाचे ॲडमिरल लॉकवूड यांनी ऑस्ट्रेलियात ऑल्बनीजवळ पाण्यात मासेमारीचं जाळं सोडलं आणि त्यावर टॉर्पेडो मारले. जाळ्याला पडलेली भोकं मोजली. ठरवलेल्या खोलीपेक्षा टॉर्पेडो तीन मीटरहून जास्त खाली पळत होते. जाळं आणि पट्टी, एवढंच साधन.

खोली सुधारली, तर दुसरा दोष वर आला : जहाजाच्या चुंबकीय क्षेत्रावर फुटणारी कळ आता वेळेआधीच फुटू लागली. १९४३ च्या जूनमध्ये ती बंद करण्याचा हुकूम निघाला. मग तिसरा. २४ जुलै १९४३ ला टिनोसा या पाणबुडीनं तोनान मारू ३ या जपानी तेलवाहू जहाजावर १५ टॉर्पेडो सोडले. दोन फुटून जहाज जागच्या जागी थांबलं, मग नेम काटकोनात, आणि तरी एकूण ११ आदळून गप्प राहिले. कप्तानानं शेवटचा टॉर्पेडो सोडलाच नाही; तपासायला परत नेला. हवाईत काहोओलावे बेटाच्या कड्यावर टॉर्पेडो मारून बघितले, मग क्रेननं २७ मीटर उंचीवरून लोखंडी पत्र्यावर टाकून बघितले. काटकोनात आदळला की आतली सुई दबून वाकडी व्हायची आणि स्फोट व्हायचाच नाही. तिरका आदळला तर फुटायचा. म्हणजे ज्याचा नेम उत्तम त्याचाच टॉर्पेडो खोटा! जर्मनांचंही काही निराळं नव्हतं. एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यावर त्यांचे टॉर्पेडो इतके फसले, की कप्तानांचा हत्यारावरचा विश्वासच उडाला.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा : खेळात तारीख काय चाललीय? प्रशांत महासागरात १९४२ असेल आणि टॉर्पेडो खाली जात असेल, तर खेळानं इतिहास नीट वाचलाय. सायलेंट हंटर ४ मध्ये मार्क १४ चे हे चाळे मुद्दाम घातलेले आहेत. उपाय त्या काळच्या कप्तानांचाच : खोली कमी लावायची आणि थोडं तिरकं मारायचं.

आता आमची रात्र. टण्ण करून आपटणारा आणि आवाजच न करणारा, हे दोन वेगळे आजार होते. भावानं दोन्हीला एकच नाव दिलं होतं. आम्ही एक सेव्ह तयार केली : दिवस, शांत समुद्र, एकटं जहाज, सरळ चाललेलं. ‘न फुटणारे टॉर्पेडो’ हे बटण बंद. मग दर वेळी फक्त एकच गोष्ट बदलायची. आधी अंतर. २५० मीटरवरून मारले की चारही टण्ण. ५०० वरून मारल्यावर टण्ण एकदाही नाही. सोपं होतं : नळीतून निघालेला टॉर्पेडो आपल्याच बोटीजवळ फुटू नये म्हणून साधारण ३०० मीटर पळाल्यावरच त्याची कळ जिवंत होते. त्या रात्री भावानं पेरिस्कोपमध्ये जहाज मावेना इतक्या जवळ जाऊन मारला होता. चौथा रकाना.

पण मुका टॉर्पेडो तसाच राहिला. ५०० वरून, ८०० वरून, चारांतला एक तरी गायब. वहीची पानं उलटताना भावाच्याच ध्यानात आलं, की मुका निघतो तो नेहमी सेव्ह उघडल्यावरच्या पहिल्या फेरीत, आणि नेहमी पहिल्याच नळीतला. बाहेरच्या कॅमेऱ्यानं पाठलाग केला. तबकडीवर खोली ३ मीटर, आणि टॉर्पेडो जहाजाच्या तळाखालून आरामात पलीकडं. तबकडी एक घर पुढं आणि परत मागं फिरवली, सोडला, फुटला. पाच वेळा सेव्ह उघडली. पाचही वेळा तसंच. सेव्ह उघडताना खेळ आकडा दाखवत होता, टॉर्पेडोला सांगत नव्हता. हा खरा बग. आणि अंतराची चूक निस्तरेपर्यंत तो दिसलाही नव्हता.

विहिरीत कळणारी गोष्ट

‘विनाशिका माझ्या डोक्यावर आली आणि तिला मी ऐकूच गेलो नाही, बग!’ थांबा. मे महिन्यात गावच्या विहिरीत उडी मारलीय ना? छातीपर्यंत पाणी कोमट, आणि पाय खाली सोडले की एकदम हिव भरावं असं गार. समुद्रातही असा थर असतो. आवाज थंड पाण्यात हळू जातो आणि हळू बाजूकडं वाकतो, त्यामुळं वरून आलेला सोनारचा (आवाज सोडून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राचा) आवाज थरावर खाली मोडतो आणि मधे एक सावली तयार होते. त्या सावलीत पाणबुडी लपते. थर आहे की नाही हे खेळ सांगत असेल तर त्याच्या वर आणि खाली, एकाच अंतरावरून, एकाच वेगानं जाऊन बघा. फरक पडला नाही तर तक्रार करा.

त्याच विहिरीत आम्ही दोन दगड पाण्याखाली एकमेकांवर आपटायचो आणि दुसऱ्यानं कुठून आवाज आला ते ओळखायचं. कुणालाच ओळखता यायचं नाही. पाण्यात आवाज सेकंदाला दीड हजार मीटर पळतो, हवेच्या चौपटीहून जास्त; दोन कानांतला वेळेचा फरक मेंदूला पकडताच येत नाही. खऱ्या पाणबुडीतला माणूस म्हणूनच श्रवणयंत्राचं चाक फिरवत बसायचा. १५ किलोमीटरवरचा स्फोट ऐकू यायला १० सेकंद लागले पाहिजेत. बहुतेक खेळात तो त्याच क्षणी ऐकू येतो. चालायचंच.

विनाशिका अगदी जवळ आल्यावर हरवते, हेही खरं आहे. त्या काळच्या ॲस्डिकचा, म्हणजे ब्रिटिश सोनारचा, झोत पुढं आणि थोडा खालीच जायचा. शेवटच्या काहीशे मीटरमध्ये पाणबुडी झोताखालून निसटायची. विनाशिकेनं वरून टाकलेला, ठरलेल्या खोलीवर फुटणारा पाणसुरुंग सेकंदाला साधारण ३ मीटर बुडायचा, म्हणजे २०० मीटरवर पोचायला मिनिटभर. विनाशिका डोक्यावर आली की पूर्ण वेगानं वळायचं, ते त्याच मिनिटात. आणि १९४२ नंतर चोवीस छोटे बाँब पुढं फेकूनही काहीच आवाज झाला नाही, तर घाबरू नका. ते हेजहॉग, लागलं तरच फुटतं.

उलट तक्रारही असते : धुक्यातल्या रात्री शत्रू सरळ माझ्यावर चाल करून येतो, कॉम्प्युटर फसवतो. पुन्हा तारीख बघा. १९४१ पासून ब्रिटिश जहाजांवर १० सेंटिमीटर लहरींचं रडार बसू लागलं आणि जर्मनांच्या १९४२ मध्ये आलेल्या रडार-शोधकालाही ते ऐकूच येत नव्हतं. शिवाय तुम्ही मुख्यालयाला लांबलचक रेडिओ संदेश पाठवलात का? त्याच्यावरून शत्रू तुमची दिशा काढायचे. १९४३ मध्ये हे घडलं तर समुद्र असाच. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये घडलं तर तिसरा रकाना.

वेळ पळवताना

सगळ्यात जास्त खोटे बग इथं जन्माला येतात. खेळ १०२४ पट पळवला की तुमचा एक सेकंद म्हणजे खेळातली सतरा मिनिटं. ताशी ४०० किलोमीटरचं विमान तेवढ्यात ११४ किलोमीटर येतं. पहारेकरी ‘विमान!’ म्हणतो तोवर बाँब पडलेला असतो. पहारेकऱ्याची काय चूक?

खोल जाऊन बघा. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर दर फ्रेमला १७ सेकंद. तेवढ्यात १० नॉटचं जहाज ८७ मीटर उडी मारतं आणि ३० नॉटचा टॉर्पेडो २६० मीटरहून जास्त. एका फ्रेममध्ये तो जहाजाच्या अलीकडं, पुढच्या फ्रेममध्ये पलीकडं. मधे जहाज होतं हे खेळाला कळलंच नाही. म्हणून बरेच खेळ शत्रू दिसला की वेळ आपोआप साधी करतात. जिथं करत नाहीत तिथं आपण करायची. मी मोकळ्या समुद्रात २५६ च्या वर जात नाही, विमानांच्या पट्ट्यात ३२, टॉर्पेडो पाण्यात असताना १. पाणबुडी ठरवलेल्या खोलीच्या खाली घसरत जाते, जहाजं एकमेकांवर चढतात, बंदरात बोट धक्क्यात रुतते : यातलं काहीही दिसलं तर आधी तेच साध्या वेळेत करून बघा.

सेव्ह करण्याचाही नेम पाळा. पाण्याखाली असताना, ताफ्याजवळ, पाणसुरुंग पडत असताना सेव्ह करू नका. जुन्या खेळांना त्या क्षणाची सगळी अवस्था लिहून ठेवता येत नाही. वर या, वीसेक किलोमीटर दूर जा, मग करा. आणि मोड बदलायचा तर बोट बंदरात असताना, एका वेळी एकच, आधीच्या सेव्हची प्रत ठेवून. सहा मोड एकदम घालून ‘कुठल्यानं बिघडलं?’ विचारणाऱ्याला उत्तर देव पण देऊ शकत नाही.

मधेच एक सांगतो. जमलं तर विशाखापट्टणमला आयएनएस कुरसुरा बघून या. १९६९ ते २००१ नौदलात होती, २००२ पासून किनाऱ्यावर संग्रहालय. ९१ मीटर लांबीची बोट, आणि आत दोन माणसं समोरासमोर आली की एकानं भिंतीला चिकटायचं. गोल दारातून पाय आधी घालावा की डोकं, यावर माझे दोन मिनिट गेले. त्यानंतर ‘खलाशाला टॉर्पेडो भरायला इतका वेळ का लागतो’ असं मी खेळात कधी म्हटलेलं नाही.

तक्रार कशी लिहायची

एका तक्रारीत एकच बग. खेळाची आवृत्ती, मोड आहेत की नाहीत, विंडोज कुठलं. मग पायऱ्या, स्वयंपाकाची कृती लिहितात तशा : सेव्ह उघडली, पहिली नळी निवडली, तबकडीला हात न लावता टॉर्पेडो सोडला. काय व्हायला हवं होतं, काय झालं, किती वेळा पाहिलं. ‘कधी कधी होतं’ असं लिहू नका; ‘पाचपैकी पाच वेळा’ असं लिहा. तात्पुरता तोडगा सापडला असेल तर तोही लिहा, बनवणाऱ्याला त्यावरूनच बिघाडाचा माग लागतो. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. भावानं आधी मराठीत लिहिलं, मग मी त्याचं इंग्रजी केलं. ‘पैसे पाण्यात गेले’ हे वाक्य मी गाळलं, त्यावरून थोडी वादावादी झाली.

चार दिवसांनी उत्तर आलं. आमच्याकडं असं होत नाही, मूळ सेव्ह फाइल पाठवा. फाइल भावाच्या लॅपटॉपवर, लॅपटॉप कणकुंबीत, आणि त्या पावसात तिथं नेट म्हणजे देवाचा कौल. शनिवारी सकाळच्या बसनं तो आला. छत्री उलटी झालेली, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि पेन ड्राइव्ह जेवणाच्या डब्यात, चपातीच्या कागदात गुंडाळून. फाइल पाठवली. तो टॉवेलनं डोकं पुसत खुर्चीवर बसला, खेळ सुरू केला, सेव्ह उघडली आणि काही न बोलता पहिल्या नळीची तबकडी एक घर पुढं केली, एक घर मागं.